शाळेच्या पोरांकडून मोत्झार्ट, विवाल्डी बसवताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या शाळांमधून आठवी-नववीच्या पोरांचा क्वायर, म्हणजे समूहगान, बसवत फिरतो मी, आणि दरवर्षी गॅदरिंगच्या आधी कुणीतरी नव्या शिक्षकाचा फोन येतोच की सर, सगळं पाठ झालंय पण पोरं सुरात राहत नाहीत, खाली उतरतात. माझा प्रश्न ठरलेला, ताल दाखवायला हात कितीचा देताय, म्हणजे एका बारला (तालाच्या एका खान्याला) किती ठोके? उत्तर येतं, चारचा. झालं मग.

मोत्झार्टचं 'आवे वेरुम कॉर्पुस' (१७९१) हे लॅटिन भजन एवढंसं, ४६ बारचं. वर अडाजिओ, म्हणजे संथ, लिहिलंय ते सगळ्यांना दिसतं, पण तालाच्या जागी उभी रेघ मारलेला सी आहे तो कुणी बघत नाही. म्हणजे बारला दोनच ठोके. चारचा हात दिला की गाणं रांगतं, ओळीच्या मध्येच पोरांचा दम संपतो, आणि दम संपला की सूर उतरलाच समजा. मीपण हेच केलंय. पहिल्याच वर्षी, वर शायनिंग म्हणून कीबोर्डवाल्याला सांगितलेलं, पोरं गातात तिथं तू गप्प बस, मधला तुकडा तेवढा वाजव. 'प्रो होमिने' या शब्दांना पहिला भाग ए मेजरवर संपतो, तिथं आम्ही खुशाल अर्धा सूर खाली, ए फ्लॅटवर जाऊन टेकलो, आणि त्यानं बरोब्बर ए मेजर दाबलं. पुढच्या रांगेतले एक तबलजी काका दचकून वर बघायला लागले, पोरं माझ्याकडं, मी कीबोर्डकडं. तेव्हापासून पहिला आठवडा गाणंच नाही, व्हरांड्यात चालत नुसते शब्द म्हणायचे, बारला दोन पावलं. पोरं कंटाळतात, कंटाळू देत.

दुसरं म्हणजे विवाल्डीचा 'ग्लोरिया'. आपली पोरं तो हमखास 'मोरया'सारखा म्हणतात, सगळा जोर शेवटच्या 'या'वर. त्यांची चूक नाही, लघु-गुरू शिकलेली पोरं, देवनागरीत 'या' दिसला की गुरूच. जोर 'ग्लो'वर पाहिजे, बाकीचं हलकं सोडून द्यायचं. मी वहीत 'ग्लो' मोठा लिहायला लावतो आणि 'रिया' मुंगीएवढं. हसतात पण लागू पडतं.

क्लासला जाणाऱ्या पोरी दोन सुरांमध्ये मींड घेतात, म्हणजे एकावरून दुसऱ्यावर घसरत जातात, गोड लागते, पण चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे सूर गात असले की सगळा चिखल होतो.

बाखच्या छापील प्रतीतल्या हळू-मोठ्याच्या खुणा बहुतेक नंतरच्या संपादकांनी घातलेल्या असतात, डोळे झाकून पाळू नका.

यूट्यूब लावून पाठ करून घेणाऱ्यांचं तर काय बोलायचं. जुन्या वाद्यांवरची बरोक (बाख-विवाल्डीच्या काळातल्या संगीताची) रेकॉर्डिंग बऱ्याचदा ४१५ च्या पट्टीत, म्हणजे 'ए' हा सूर ४१५ हर्ट्झवर धरून, असतात, आपला कीबोर्ड ४४० चा, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर फरक. मग म्हणायचं कीबोर्ड बिघडलाय. ट्रान्सपोज उणे एक करा की राव.

आणि आवाज फुटायला लागलेल्या पोराला टेनरच्या (पुरुषांच्या उंच आवाजाच्या) वरच्या सुरांसाठी ताणू नका. त्याला जमतात तेवढेच चार-पाच सूर द्या, बाकी ठिकाणी पानं उलटायला ठेवा.