सफारीत चौशिंगा कसा ओळखावा
ताडोबा, नागझिरा किंवा पेंचच्या जंगलात वाघाच्या मागे धावणाऱ्या जिप्सीतून चौशिंगा सहसा दिसत नाही, कारण खांद्याशी जेमतेम 60 सेंटिमीटर उंचीचा हा हरणासारखा प्राणी कळपाने न राहता एकटा किंवा जोडीने वावरतो आणि चाहूल लागताच गवतात निश्चल उभा राहतो. त्याला वारंवार पाणी लागते. म्हणून उन्हाळ्यात सकाळी एखाद्या लहान पाणवठ्याजवळ गाडीचे इंजिन बंद करून थांबावे आणि पानगळीच्या जंगलातील उंच गवताची कड सावकाश न्याहाळावी.

खरी गफलत भेकर या लहान हरणाशी होते. भेकर तांबूस असून त्याच्या चेहऱ्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या गडद रेषा असतात. चौशिंग्याचा रंग मातकट तपकिरी, आणि पायांच्या पुढच्या बाजूने एक काळपट पट्टा उतरलेला असतो. दुर्बीण आधी या पायांवर रोखावी, असे माझे ठाम मत आहे, कारण शिंगे फक्त नरालाच असतात, आणि कानांमधली मागची जोडी साधारण 8 ते 12 सेंटिमीटरची असली तरी कपाळावरची पुढची जोडी कधी कधी नुसत्या उंचवट्याएवढीच असते, त्यामुळे शिंगे मोजण्याच्या नादात मादी हमखास निसटते. चिंकारा हे छोटे हरीण मात्र उघड्या माळरानाचे रहिवासी असल्याने ते सहज वेगळे काढता येते.

चौशिंगा एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो. असा ढीग वाटेलगत दिसल्यास गाईडला तिथे थोडे थांबण्याची विनंती अवश्य करावी.