कुंडीतला टोमॅटो आणि पुदिना: खत कोणतं, किती, कधी

खताची पिशवी घरी आणली की आधी वास घ्या. मुरलेल्या शेणखताला ओल्या मातीचा वास असतो. नाकात झोंबलं किंवा आत हात घातल्यावर ऊब लागली, तर ते अजून कुजतंय आणि मुळं जाळेल. शंका असेल तर वाटीभर खत ओलं करून त्यात मेथीदाणे पेरा. चार-पाच दिवसांत कोंब हिरवे निघाले तर बिनघोर वापरा. पिवळे पडले किंवा उगवलेच नाहीत, तर पिशवीचं तोंड उघडं ठेवून खत सावलीत महिनाभर मुरू द्या.

टोमॅटोला 15 ते 20 लिटरची कुंडी हवी. रंगाची रिकामी बादली स्वच्छ धुऊन, बुडाला भोकं पाडून चालते. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती काळी माती नको: वाळली की तडे जातात आणि पाणी कडेनं निघून जातं. कोकोपीटमध्ये क्षार असतात, म्हणून त्याची दाबलेली वीट भिजवून दोनदा धुवा. तयार मिश्रण मुठीत दाबा. गोळा व्हावा आणि बोटानं टोचताच फुटावा.

पहिला महिना वेगळं खत नको. फुलं दिसली की दर पंधरा दिवसांनी मूठभर गांडूळखत, बुंध्यापासून चार बोटं लांब, माती हलकी उकरून. युरियाचा मोह टाळा. पानं माजतात, फळं रुसतात. फळाचं बूड काळं पडलं की लोक अंड्याची टरफलं टाकतात, पण ती कुजायला फार वेळ लागतो. बहुतेकदा मातीत कॅल्शियम असतंच. कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस चिखल झाली की ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी रोज ठरल्या वेळी द्या, वर पालापाचोळा पसरा.

तुळस आणि ओव्याला याच्या निम्मं खत पुरे, मातीत थोडी वाळू घाला. जास्त खतानं पानं मोठी होतात, पण वास उतरतो, आणि आपण ती लावतो वासासाठीच. पुदिन्याला मात्र ओल आवडते. छाटणीनंतर चिमूटभर गांडूळखत द्या. कोथिंबिरीला मिश्रणातलंच पुरतं.

टोमॅटो संपला की त्याच मातीत पुन्हा टोमॅटो, वांगं किंवा मिरची लावू नका, रोग राहतात. झाड निरोगी होतं तर थोडं नवं, मुरलेलं खत मिसळून तिथे मेथी किंवा कोथिंबीर पेरा.