नवे डिस्क पॅड टाकलेत? घाटात जाण्याआधी या चुका टाळा

“पॅड नवे टाकले, तरी ब्रेक धरतच नाही.” सायकलवाल्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. बहुतेक वेळा पॅडमध्ये काहीच खोट नसते. त्यांना रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ज्या धातूच्या चकतीला पॅड पकडतात तिच्यावर, नीट बसायला वेळच दिलेला नसतो.

नवा पॅड आणि नवा रोटर सुरुवातीला एकमेकांना नुसते घासतात. ब्रेक हळूहळू तापला की पॅडच्या मालाचा अगदी पातळ थर रोटरवर सगळीकडे सारखा चढतो. खरी पकड त्या थरामुळे येते.

मी एकदा रात्री पॅड बदलले आणि पहाटे थेट सिंहगड गाठला. उतरताना लिव्हर सलग दाबून धरला होता. अर्ध्या वाटेवर ब्रेक किंचाळू लागला आणि पकड कमी होत गेली. घरी येऊन पॅड काढले, तर त्यांचं तोंड काचेसारखं चकचकीत झालेलं. शहाबादी फरशीवर पॉलिश पेपर सपाट ठेवून त्यावर पॅड घासले, चकाकी जाऊन मळकट करडा रंग येईपर्यंत. रोटर पुसला आणि सगळं पहिल्यापासून केलं.

ते “सगळं” म्हणजे अर्ध्या तासाचं काम. रहदारी नसलेला सरळ रस्ता शोधा. ताशी 20 किलोमीटरच्या आसपास वेग घ्या, एकच ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत या आणि सोडून द्या. असं साधारण 20 वेळा. मग ताशी 30 वरून, थोडा जोर वाढवून, 10 वेळा. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा करा. चाक लॉक होऊ देऊ नका आणि पूर्ण थांबूही नका. तापलेला पॅड एकाच जागी दाबून राहिला की तिथे मालाचा जाड डाग बसतो, आणि मग चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ब्रेक धडधडतो. ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण ब्रेक मारला की थांबायचं हीच आपली सवय.

दुसरा शत्रू तेल. चेनवर स्प्रे मारताना त्याचे तुषार मागच्या रोटरवर बसतात. रोटरला बोटही लावू नका. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धुतलेला कोरा कपडा एवढंच पुरे. तेल प्यालेले पॅड गॅसवर भाजून वाचवायचा खटाटोप मी तरी करत नाही, फेकून देतो. ब्रेकच्या बाबतीत काटकसर नको.

जुन्या झिजलेल्या पॅडबरोबर त्यांना रोटरवर ढकलणारे पिस्टन पुढे आलेले असतात. जाड नवे पॅड घालण्याआधी ते प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने सावकाश मागे ढकला. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबू नका. रोटरवर फक्त रेझिन (राळेत बांधलेले, मऊ) पॅड वापरा असं कोरलेलं असेल, तर मेटल पॅड घालू नका. रोटर लवकर झिजेल.

एवढं करूनही कोरड्या रस्त्यावर आवाज येत असेल, तर कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात त्या भागाचे) दोन बोल्ट किंचित सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसेच आवळा. पावसात थोडं किंचाळणं चालायचंच. पण हायड्रॉलिक (पाइपातल्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकचा लिव्हर मऊ लागत असेल, हँडलपर्यंत येत असेल, तर पॅड बसवून काही होणार नाही. बहुधा पाइपात हवा शिरली आहे. ब्लीडिंग, म्हणजे ती हवा काढण्याचं काम, होईपर्यंत सायकल बाहेर काढू नका.