सातारा-सांगलीकरांनो, किनारा असा निवडा

आधी घाट ठरवा. कराड-पाटणकडून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूणमार्गे गुहागर. सांगली-मिरजेहून आंबा घाटातून रत्नागिरी, गणपतीपुळे.

मुलं सोबत असतील तर उथळ, सपाट पुळण हवी. दापोलीजवळचं कर्दे-मुरूड त्यासाठी उत्तम. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, वाळूत बसा, पण पोहू नका; तिथला उतार आणि ओढ फसवी आहे, आणि आपल्याकडे कृष्णेत पोहलेल्यांनाच नेमका फाजील भरवसा असतो. खाडीच्या मुखाजवळ तर कुठेच उतरू नये.

भरतीची वेळ कॅलेंडरवरूनच काढता येते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. ओहोटीचं पाणी आत ओढतं, म्हणून पाणी चढू लागल्यावर, तेही कमरेखालीच, उतरा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. लहानग्यांना न्यायचं तर अष्टमीच्या आसपासचा दिवस बरा.

गाडी वाळूत घालू नका. ओल्या वाळूत चाक रुततं आणि भरती थांबत नाही. जून ते ऑगस्ट पाण्यात उतरणं नकोच.