कर्णबधिर उमेदवाराचा इंटरव्ह्यू घ्यायचाय? आधी फोन बाजूला ठेवा

बऱ्याच कंपन्यांत गडबड इंटरव्ह्यूच्या आधीच होते. एचआर सीव्ही बघून कॉल करतं, कोणी उचलत नाही किंवा भाऊ उचलतो, मग "रिस्पॉन्स नाही" असा शेरा मारून मोकळे. म्हणून फॉर्मवरच विचारा की बाबा तुला व्हॉट्सॅप चालेल, ईमेल की व्हिडिओ कॉल. आणि जाहिरातीतलं ते "उत्तम संभाषणकौशल्य" काढा हो, डेटा एन्ट्रीला किंवा सीएनसी मशीनवर (कॉम्प्युटरवर चालणारं कारखान्यातलं मशीन) काय भाषण द्यायचंय? कुरिअर म्हणजे सगळा फोनचाच धंदा वाटतो ना, पण मुंबईत मिरॅकल कुरिअर्सने डिलिव्हरीचं काम कर्णबधिर मुलांवरच उभं केलं, निरोप एसएमएसवर.

इंटरव्ह्यूला साइन लँग्वेजचा इंटरप्रिटर लागेल का ते आधी विचारा, लागला तर पैसे कंपनीने द्यायचे, उमेदवाराने आईला घेऊन यायचं नाही. बोलताना बघायचं उमेदवाराकडे, इंटरप्रिटरकडे नाही. "ओठ वाचता येतात ना?" यावर तर अजिबात विसंबू नका, आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा, तिन्ही सेम दिसतात! लेखी टेस्ट घेताय तर व्याकरणावर मार्क कापू नका, अनेकांची पहिली भाषा साइन असते आणि तिची वाक्यरचनाच वेगळी, त्यापेक्षा प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगा, त्यात कळतं.

कायद्याचं थोडक्यात: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे, त्यातलं 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. खासगीवाल्यांनी लगेच हुश्श करू नका, समान संधी धोरण तुम्हालाही करावं लागतं आणि 20 किंवा जास्त माणसं असतील तर त्यात सोयीसुविधा, लायझन ऑफिसर (दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा माणूस) वगैरे सगळं लिहावं लागतं. नेटवरून कॉपी मारलेली पीडीएफ कोणाच्या उपयोगाची नाही.

जॉइन झाल्यावर खरी परीक्षा मीटिंगची. एकावेळी एकानेच बोलायचं, बोलण्याआधी हात वर, व्हिडिओ कॉलवर कॅप्शन, म्हणजे बोलणं स्क्रीनवर लिहून दाखवणारी सोय, चालू ठेवायची, पण आपलं मराठी-इंग्रजी मिक्स बोलणं कॅप्शनला झेपत नाही त्यामुळे काय ठरलं ते ग्रुपवर लगेच टाका. टपरीवर चहा पिताना ठरलेलंसुद्धा, कारण नवीन प्रोजेक्ट कोणाला मिळणार हे तिथेच ठरतं आणि ते कानावर न आल्याने हा माणूस वर्षानुवर्षं त्याच खुर्चीत राहतो. फायर अलार्मला लुकलुकणारा लाइट लावा, टॉयलेटमध्येपण.