उत्पादनापलीकडचे मोजमाप शिकताना

कल्याण आणि शाश्वतता यांच्या मोजमापाकडे वळणारे विद्यार्थी मला बहुधा आधी विचारतात की सर्वांत चांगला निर्देशांक कोणता. मुंबईत या क्षेत्रात काम करताना माझे मत असे बनले आहे, की कोणताही निर्देशांक स्वीकारण्यापूर्वी तो काय मोजतो, कशाला किती भार देतो आणि कोणत्या पातळीवरची माहिती देतो, हे स्वतः आकडेमोड करून तपासावे.

आरंभ संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने करावा. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची पूर्वी साधी सरासरी घेत असत. २०१० पासून तिन्हींच्या गुणाकाराचे घनमूळ घेतात, त्यामुळे शिक्षणातली मोठी उणीव उत्पन्नाने सहजासहजी झाकली जात नाही. दोन्ही सूत्रे एकदा हाताने सोडवून पाहावीत.

त्यानंतर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे वेळ वापर सर्वेक्षण अवश्य अभ्यासावे. २०१९ च्या सर्वेक्षणानुसार विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा पगार स्थूल देशांतर्गत उत्पादनात (जीडीपीत) धरला जातो, पण त्याच बाई घरी परतून स्वतःच्या मुलांसाठी पोळ्या लाटतात ते श्रम त्यात धरले जात नाहीत. माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा अन्याय हाच आहे, आणि प्रबंधासाठी याहून चांगला विषय मी सुचवू शकत नाही.

पातळीचा प्रश्न तर मुंबईतच अनुभवता येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अंदाज जिल्ह्यापर्यंतच मिळतात, म्हणून उपनगर जिल्ह्याच्या सरासरीत श्रीमंत जुहू आणि गरीब गोवंडी एकत्र येतात. हे सर्वेक्षण करणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मात्र गोवंडी स्थानकाजवळच, देवनारला आहे. प्रभागनिहाय चित्र हवे असेल तर महापालिकेच्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी यांना पर्याय नाही.

शाश्वतता वेगळी मोजावी, ही स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी या अर्थतज्ज्ञांच्या आयोगाची २००९ ची शिफारस मला आजही अत्यंत मोलाची वाटते, कारण आजचे सुख आणि उद्यासाठी उरणारा साठा एकाच आकड्यात मिसळले की दोन्ही दिसेनासे होतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुरानंतर लोकांनी घेतलेले नवे फ्रिज आणि गाड्यांची दुरुस्ती उत्पादनाच्या हिशेबात आली, परंतु मिठी नदीच्या काठची खारफुटी नष्ट झाल्याची वजावट त्यात कोठेच नव्हती. अशा वजावटीसाठी परिसंस्था लेखांकनाची, म्हणजे निसर्गाचा हिशेब ठेवण्याची, चौकट संयुक्त राष्ट्रांनी २०२१ मध्ये स्वीकारली. तीत आधी खारफुटीचे क्षेत्र आणि स्थिती नोंदवतात, रुपयांतले मूल्य नंतर येते. म्हणून सांख्यिकीच्या जोडीने उपग्रह नकाशे वाचण्याचे कौशल्यही पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी आत्मसात करावे, असा माझा आग्रह आहे.