पहिल्या पाच मिनिटांत ठाणेदार होऊ नका! तक्रार समितीवाल्यांनो, या चुका टाळा

नागपूरकडच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान, कुठल्याही कंपनीत ट्रेनिंग द्यायला जा, कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीतले लोकं एकच चूक करतात. बाई समोर येऊन बसली रे बसली की चौकशी सुरू. किती वाजता, कोणत्या गेटजवळ, तू एकटी काऊन थांबली होती. अरे थांबा ना जरा!

मागे एका कारखान्यात रोल प्ले घेतला. सिक्युरिटीचे इनचार्ज, फौजेतून रिटायर झालेले, म्हणे मॅडम दहा मिनिटांत खरं बाहेर काढतो. अकाउंट्सची एक पोरगी तक्रारदार झाली. साहेबांनी असे प्रश्न झाडले की ती आधी हसली, मग गप्प झाली, मग चहाच्या सुट्टीत जी गेली ती परत आलीच नाही, अन् हे सगळं खोटंखोटं होतं बरं का. तेव्हापासून माझी सवय: पहिल्या भेटीत पेन बंद, पाण्याचा ग्लास तिच्यापुढे, आणि प्रश्न एकच, "आत्ता तुला काय पाहिजे?"

साहेबांना अमेरिकन सैन्याचं उदाहरण दिलं, फौजी माणसाला फौजेचंच पटतं. तिथं २००५ पासून लैंगिक अत्याचार कळवायचे दोन रस्ते आहेत: एकात उपचार, आधार मिळतो पण कमांडरला नाव कळत नाही, दुसऱ्यात रीतसर तपास. पीडितेच्या मदतीला नेमलेला कोऑर्डिनेटर हे समजावतो, स्वतः तपास करत नाही, अन् त्याचं ट्रेनिंग ४० तासांचं. आपल्याकडे दोन तास मागतात, तेही तर्री पोहे धरून.

आपल्याकडे चौकशीही समितीच करते, घोळ तिथंच होतो. पण ती लेखी तक्रारीनंतर, त्याला ९० दिवस आहेत. तिला लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं तुमचंच काम.

दुसरं, "बसून मिटवून टाकू." समेट फक्त तिनं मागितला तरच, अन् पैसे देऊन तर नाहीच. स्वतःहून चहा मागवून दोघांना समोरासमोर बसवणारे महाभाग पाहिलेत मी!

बाकी पटकन. नाव व्हॉट्सॲपवर नको. घटनेला तीन महिने उलटले म्हणून हाकलू नका, कारण पटलं तर आणखी तीन महिने देता येतात. सिद्ध झालं नाही म्हणजे तक्रार खोटी, असं नसतं. बलात्कार असेल तर कोणत्याही दवाखान्यात, खाजगीसुद्धा, उपचार फुकट, पण दवाखाना पोलिसांना कळवणार हे तिला आधी सांगा. तिनं कपडे बदललेच तर अंगावरचे काढलेले कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये नाही.

"मॅडम, ट्रेनिंग राहू द्या, फॉरमॅट पाठवा" म्हणणाऱ्यांना मी आधी तक्रारदाराच्या खुर्चीत बसवते. त्या साहेबांनाही बसवलं होतं. तिसऱ्याच प्रश्नाला म्हणाले, पाणी मिळेल का.